सरकारी कॅमेऱ्यासमोर आई

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये माझी आई नाही. तिचा हात आहे. हळदीच्या एका फोटोत डाव्या कडेला हिरव्या बांगड्या भरलेला एक हात दिसतो, तो तिचा. पाठवणीच्या फोटोत माझ्या खांद्यामागे पदराचा तुकडा आहे, तोही तिचाच. फोटोग्राफर ठाण्याहून आणलेला होता आणि बिचारा चांगला माणूस होता. "नवरीची आई, जरा इकडे बघा" असं ओरडून त्याचा घसा बसला. पण कॅमेरा वर गेला की आई वाकून काहीतरी उचलायला लागायची, नाहीतर तरातरा स्वयंपाकाच्या मांडवात निघून जायची. लग्नानंतर मी कळव्याला राहायला गेले, तेव्हा अल्बम उघडायची ती तो हात बघायला.

याचं कारण जुनं होतं. आई दहा-बारा वर्षांची असताना तिच्या माहेरच्या गावात, खाडीकाठी, जत्रेला एक फोटोवाला आला होता. तिपाईवरचा डबा, वर काळं कापड, असा. आईच्या मोठ्या बहिणीनं हौसेनं फोटो काढून घेतला आणि त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, तो फोटो चुलीत घातला. मग धाकटीला जवळ घेऊन तिच्याकडून शब्द घेतला की तू कधी कॅमेऱ्यापुढे बसायचं नाही. पुढे आईचं लग्न व्हायच्या आधीच आजीही गेली. तिचा फोटो असण्याचा प्रश्नच नव्हता. राहिला तो शब्द, आणि आईनं तो एखादा दागिना जपावा तसा जपला.

मी शिकून मास्तरीण झाले. ताप कशानं येतो, फोटोत काय असतं, हे मी दुसऱ्यांच्या पोरांना फळ्यावर समजावून सांगायची आणि घरी हात टेकायची. "आयला शब्द दिलाय मी," एवढं आई म्हणाली की वाद संपला. माझा स्वभाव तापट, एकदा तर मी भाकरीचं ताट तसंच ठेवून उठून गेलेले. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. तिनं ताट झाकून ठेवलं आणि संध्याकाळी परत पुढ्यात आणलं.

दुसरी एक गोष्ट आईला तितकीच प्रिय होती, ती म्हणजे मत. ठाण्याजवळ बाळकुमला, माझ्या माहेरी, आमच्या आळीत मतदानाच्या दिवशी सगळ्यात आधी आंघोळ करून तयार होणारी बाई म्हणजे माझी आई. ठेवणीतलं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, गळ्यात होतं नव्हतं ते सगळं सोनं. कुणाला मत दिलं ते तिनं बाबांनाही कधी सांगितलं नाही, आणि बाबा विचारून विचारून थकले. शाई लागलेलं बोट चारचौघांना दिसेल असं धरून ती घरी यायची. त्या दिवशी भांडी मला घासावी लागायची, कारण राखेनं शाई जाते असं तिचं म्हणणं होतं.

एवढं काय आहे त्या मतात, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "तिथं माजा नाव घेतात गो." खरंच होतं ते. गावात ती कुणाची सून होती, कुणाची वहिनी, कुणाची काकी, आणि माझी आई. तिचं स्वतःचं नाव, अख्खं, मोठ्यानं घेणारा माणूस फक्त मतदान केंद्रावरचा तो कारकून होता. तो यादीत बघून नाव पुकारायचा आणि ती "हाय" म्हणायची.

त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जेव्हा मतदाराचं फोटोवालं ओळखपत्र निघायची घोषणा झाली आणि 'कार्ड नाही तर मत नाही' अशी आवई उठली, तेव्हा बाळकुमच्या घरात चूल पेटायची आणि जेवण व्हायचं, पण बोलणं बंद झालं. आई कुणाशी भांडली नाही. कामं करत राहिली, आणि मध्येच थांबून दाराबाहेर बघत बसायची. तिला कुणीतरी आईचा शब्द आणि आपलं मत यांतलं एक निवडायला सांगितलं होतं, आणि सांगणारं कुणी समोर दिसत नव्हतं. मला मात्र त्या अडचणीत, खरं सांगायचं तर, आशा दिसत होती. आपल्याला आईचा एक फोटो मिळेल, आयुष्यात एक, मग तो सरकारनं काढलेला का असेना.

ही कार्डं कॉम्प्युटरवर निघणार होती. कॉम्प्युटर मी त्याआधी पाहिला होता, म्हणजे बाहेरून. ऐंशीचं दशक संपता संपता ठाण्याला कलेक्टर कचेरीत एक आला होता. मी मतदार याद्यांचं काम घेऊन गेले असताना शिपायानं मला ती खोली दाखवली. बाहेर चपलांची ही रांग. काचेचं दार, आत थंडगार हवा, आणि दोन माणसं मान खाली घालून बसलेली. "आत शिंकायला पण बंदी आहे," शिपाई म्हणाला, आणि त्याचा आवाज देवळात असावा तसा बारीक झाला होता. मी काचेला नाक लावून उभी राहिले. इतक्यात आतल्या एका यंत्रातून करकर आवाज करत कागद बाहेर यायला लागला, दोन्ही कडांना भोकं असलेला, संपतच नव्हता. त्यावर नावं होती. मराठीत. मी पाहतच राहिले. इंग्रजी येणारं यंत्र असेल हे मी धरून चालले होते, पण याला वेलांट्या, उकार, जोडाक्षरं कुणी शिकवली? माझ्या वर्गातली निम्मी पोरं जोडाक्षराला अडायची.

त्यानंतर काही वर्षांनी तेच नवल टेम्पोत बसून बाळकुमच्या शाळेत आलं, ओळखपत्रांच्या शिबिरासाठी, आणि माझी ड्युटी नेमकी तिथंच लागली. आमचे पथकप्रमुख होते एक ज्येष्ठ गुरुजी, निवृत्तीला आलेले, सदाशिव पेठेत शोभेल अशी भाषा बोलणारे. कॉम्प्युटर चालवायला कंत्राटदारानं डोंबिवलीहून एक मुलगी पाठवली होती. नुकतीच पदवीधर झालेली, सडपातळ, आणि त्या यंत्राच्या बाबतीत भलतीच कडक. यंत्र गोधडीत गुंडाळून आणलं होतं. गोधडी सोडली तेव्हा दारात जमलेल्या बायकांनी हात जोडले.

गुरुजींनी नारळ फोडायला घेतला तर मुलगी ओरडली, "पाणी नको, पाणी नको!" मग नारळ अंगणात फुटला. उदबत्तीला तिनं सक्त मनाई केली. चपला मात्र कुणी न सांगताच बाहेर निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्याच्या वर एक जास्वंद ठेवलेली सापडली. कुणी ठेवली ते कधीच कळलं नाही. मुलीनं ती हळूच उचलली, इकडेतिकडे पाहिलं, आणि स्वतःच्या वेणीत खोवली. लाईट गेली की मांडववाल्याकडून आणलेला जनरेटर धडधडायला लागायचा आणि सगळी आळी खिडकीत यायची.

काम कसं चालायचं तर असं. समोर भिंतीला निळी चादर लावून तिच्यापुढे एक खुर्ची. खुर्चीसमोर तिपाईवर छोटा कॅमेरा, त्याची तार कॉम्प्युटरला. पडदा गुरुजींनी आडवा फिरवून ठेवला होता, म्हणजे लोक टेबलावर गर्दी करणार नाहीत, लांबून बघतील. मुलगी नावाची दोन-तीन अक्षरं दाबायची की त्या नावाची माणसं पडद्यावर ओळीनं उभी राहायची. याद्यांत पट्टी फिरवून नावं शोधण्यात माझे डोळे गेलेले होते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी तिला म्हणाले, "परत कर." तिनं परत केलं. मी म्हणाले, "अजून एकदा." ती हसायला लागली. मग नावाच्या शेजारी एक चौकट उघडायची आणि त्या चौकटीत, काळ्यापांढऱ्या रंगात, समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस दिसायचा. हललं की हलायचा. मुलीनं एक बटण दाबलं की चित्र जागच्या जागी थांबायचं. झाला फोटो.

लोक नटूनथटून आले, लग्नाला यावं तसे. पण एक भानगड पहिल्याच दिवशी लक्षात आली. येणारे सगळे पुरुष होते, आणि प्रत्येकाच्या हातात रेशन कार्ड. घरटी एक माणूस. त्यात माझे बाबाही होते. स्वच्छ सदरा, पांढरी टोपी, खुर्चीत ताठ बसले. पडद्यावर स्वतःला पाहून त्यांनी टोपी सरळ केली. पडद्यावरच्यानंही केली. बाबांनी टोपी पुन्हा तिरकी केली, त्यानंही केली. आयुष्यभर मिठागरात राबलेला माझा बाप लहान पोरासारखा खुदकन हसला. मग उठून म्हणाले, "झाला घरचा काम."

"आणि वहिनी कधी येणार?" गुरुजींनी विचारलं.

"ती कशाला? रेशन कार्डावर माजा एकट्याचा नाव वर हाय. त्याच्यावर सगला घर जेवतंय ना? तसा ह्याच्यावर सगला घर मत देल."

रांगेतल्या सगळ्या पुरुषांनी माना डोलावल्या. इतके दिवस सरकारचं जे कार्ड घरात आलं ते घराचं आलं होतं, त्यामुळे हेही तसंच असणार असं सगळ्या गावानं मनोमन ठरवून टाकलेलं. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, आणि शांतपणे सांगितलं की प्रत्येकाचं कार्ड वेगळं. प्रत्येक माणसाचं. बाईचंही.

"बायकांचा पन वेगला?" बाबा म्हणाले. "तिच्या फोटूचा? तिच्या नावाचा?"

"तिच्याच."

बाबांनी हातातलं रेशन कार्ड उलटसुलट करून पाहिलं. त्यांना चेष्टा वाटली की काय असं मला वाटलं, म्हणून मी तिरमिरून काहीतरी बोलणार होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. "बरा काडलाय सरकारनी हा," ते म्हणाले आणि रेशन कार्ड खिशात घालून निघून गेले. दुपारपासून बायका यायला लागल्या. एकीला खुर्चीत एकटीनं बसवेना, ती नातवाला मांडीवर मागायची. दुसरी म्हणाली, माझ्यासोबत जावेचा पण काढ, आम्ही एकाच घरात राहतो. डोंबिवलीची मुलगी सगळ्यांना समजावत राहिली, "एकट्यानंच बसायचं, मावशी. हे फक्त तुमचं आहे." एवढं ऐकून कितीतरी जणी पदर सावरायच्या आणि गंभीर व्हायच्या.

आई आली नाही. मी रोज संध्याकाळी कळव्याची बस धरायच्या आधी घरी डोकावायची. ती सुकट निवडत बसलेली असायची. मी मत हा शब्द काढला नाही, तिनंही नाही. फक्त निघताना एकदा तिनं विचारलं, "किती दिस हाय गो ती मशीन?" मी म्हणाले, परवा जाणार. ती म्हणाली, "हां."

शेवटच्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, ती आली. मतदानाच्या दिवशी नेसायची ते लुगडं, गजरा, सोनं. दारात चप्पल काढली आणि सरळ टेबलाकडे आली. खुर्चीकडे बघितलंही नाही. डोंबिवलीच्या मुलीला म्हणाली, "माजा नाव हाय का ह्याच्यात?"

मुलीनं नाव विचारलं, अक्षरं दाबली आणि पडद्यावर बघून वाचलं. पूर्ण नाव, मोठ्यानं, अगदी स्पष्ट. आई सवयीनं म्हणाली, "हाय." मग तिला वाचता येत नव्हतं तरी पडद्यावर वाकून विचारलं, "यातला माजा कंचा?" मी ओळीवर बोट ठेवलं. ती त्या अक्षरांकडे बघत राहिली. "कोनी लिवला इथं?"

"सरकारी यादीतून आलंय, मावशी. ठाण्याच्या मोठ्या कॉम्प्युटरमधून."

"म्हंजे ठान्यात पन हाय?"

"आहे ना. मिटणार नाही आता ते."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी मतदानाच्या दिवशीच पाहिलेलं होतं. मग तिनं आपलं म्हणणं मांडलं, जे ती बहुतेक किती दिवस मनात घोळवत असणार. नाव आत आहे, तर फोटो कशाला? अंगठा घे. दोन्ही अंगठे घे. कपाळावर गोंदण आहे ते लिहून घे. गालावर तीळ आहे तो लिही. पण तोंड घेऊ नको, आयला शब्द दिलाय.

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी गुरुजींकडे. गुरुजी खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, नियम आहे. चौकट रिकामी ठेवता येत नाही." नावाच्या शेजारची ती चौकट उघडीच होती. तिच्यात निळ्या चादरीपुढची रिकामी खुर्ची दिसत होती.

"मंग ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. तिनं हे अगदी हळू म्हटलं. मत गेलं असं ती समजली होती. ती वळली आणि दाराकडे निघाली. दाराचा रस्ता खुर्ची आणि कॅमेरा यांच्या मधून जात होता. जाता जाता, शेवटचं बघावं म्हणून असेल, तिनं मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

आणि ती थबकली.

चौकटीत एक म्हातारी होती. मान वळवलेली, कपाळावर गोंदण, गालफडं वर आलेली, ओठ घट्ट मिटलेले. आरशात माणूस स्वतःला समोरून बघतं. आईचा आरसा तर तळहाताएवढा, त्यात कुंकू लावण्यापुरतं कपाळ दिसायचं, बाकी काही नाही. स्वतःला असं बाजूनं, अख्खं, दुसऱ्याला दिसावं तसं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. मी तिला काही सांगायच्या आत तिच्या तोंडून शब्द निघाला.

"आये!"

चौकटीतल्या म्हातारीचेही ओठ हलले.

"आय हाय ही. माजी आय हाय गो!" तिनं माझा दंड पकडला. बोटं रुतली. "अशीच बगायची. अशीच मान करून. तू बगितली नायस तिला, तुला नाय कलायचा. आये गो!"

ती पडद्याकडे धावलीच. दोन पावलं टाकली तशी चौकटीतली म्हातारी कडेला सरकली आणि नाहीशी झाली. राहिली रिकामी खुर्ची. आईनं पडद्याच्या काचेवर हात ठेवला, कडेनं मागं वाकून पाहिलं. "गेली? कुठं गेली?" तो आवाज माझ्या आईचा नव्हता, एका लहान मुलीचा होता. डोंबिवलीची मुलगी यंत्राला कुणी बोट लावलं तरी खेकसायची, तिनं आता आईचा हात काचेवर तसाच राहू दिला.

मी शिक्षक आहे, समजावून सांगणं हा माझा धंदा. ही तूच आहेस, तुझं वय झालं म्हणून तू आजीसारखी दिसतेस, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण आईचा चेहरा बघून ते सांगावंसं वाटेना. मुलगीच पुढे झाली. तिनं आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मावशी, तिथं खुर्चीत बसलात तर दिसतील त्या. उठलात की जातात."

आईनं खुर्चीकडे पाहिलं. कॅमेऱ्याकडे पाहिलं. तो कॅमेरा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, ती काही भोळी नव्हती. मग ती गेली आणि खुर्चीत बसली, अगदी कडेला, उठायला सोपं पडेल अशी.

चौकटीत म्हातारी परत आली.

आई किती वेळ बसली होती मला सांगता येणार नाही. तिनं मान हलवली, म्हातारीनं हलवली. तिनं पदर डोक्यावर घेतला, म्हातारीनंही घेतला, आणि आई हुंदका देऊन हसली, कारण आता तर ती हुबेहूब आजी झाली असणार. ती तिच्याशी बोलली. काय बोलली ते पुटपुटल्यासारखं होतं, मला तुटक तुटक ऐकू आलं. मोठीचं नाव होतं त्यात, त्या तापानं गेलेल्या बहिणीचं. बाबांचं काहीतरी होतं, माझं होतं. पोरगी शिकली, असंही होतं. तोवर दारात माणसं जमली होती. जनरेटर चालू होता, तेवढाच काय तो आवाज.

मुलीचं बोट बटणावर होतं. तिनं माझ्याकडे बघून भुवई उंचावली, घेऊ का? एका क्षणात फोटो झाला असता, आईला कळलंही नसतं, आणि तो फोटो मला माझ्या जिवापेक्षा हवा होता. मी मान हलवली, नको. मी आईजवळ जाऊन उकिडवी बसले आणि विचारलं, "आई, काढू देऊ का हिला?"

आईनं पडद्यावरची नजर काढली नाही. "आयच येऊन बसली ना हितं," ती म्हणाली. "तीच बसली म्हनल्यावर मी कोन नाय म्हननारी? काड."

मुलीनं बटण दाबलं. चित्र थांबलं. आईनं हात वर केला, म्हातारीनं केला नाही. मान हलवली, तिनं हलवली नाही. आईचा चेहरा पांढराफटक पडला. "थांबली," ती म्हणाली. मला चुलीत घातलेला तो फोटो आठवला. पण मुलगी हुशार होती. "थांबल्या नाहीत मावशी, ही बघा," म्हणून तिनं दुसरं बटण दाबलं आणि म्हातारी पुन्हा हलायला लागली. आईनं हात वर केला, तिनंही केला. थांबलेलं माणूस परत चालू झालेलं आईनं उघड्या डोळ्यांनी पाहिलं. त्या यंत्रात काय काय होतं ते मला आजही धड समजत नाही, पण वर्षानुवर्षांची एक भीती त्यानं माझ्यासमोर एका बटणानं उतरवली, एवढं मी साक्षीनं सांगेन. आई उठली तेव्हा तिनं आधी कॅमेऱ्याला हात जोडले, मग पडद्याला, आणि मग डोंबिवलीच्या मुलीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

कार्डं काही आठवड्यांनी आली. बाबांच्या कार्डावर त्यांची टोपी तिरकी होती आणि वय दहा वर्षांनी कमी, त्याचा त्यांना कोण आनंद. आईचं कार्ड बरोबर होतं. नाव बरोबर, पत्ता बरोबर, आणि टिकलीएवढ्या त्या धुरकट फोटोत डोक्यावर पदर घेतलेली माझी आई. मी ते हातात घेऊन बसले होते तर तिनं काढून घेतलं. पदरानं पुसलं आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं, खंडोबाच्या टाकाशेजारी. वर एक अबोलीचं फूल वाहिलं. मी म्हणाले, "अगं, ते तुझं कार्ड आहे. मतदानाला लागेल." ती म्हणाली, "माजा नाव हाय त्याच्यावर. पन बसलेली आय हाय."

मतदानाचा दिवस उजाडला. त्या खेपेस माझं नाव ड्युटीच्या यादीतून कसं सुटलं कुणास ठाऊक, म्हणून मी तिला घेऊन निघाले. दाराशी आल्यावर विचारलं, कार्ड घेतलंस? तर म्हणे, घरीच आहे. मी कपाळावर हात मारला. "आई, सगळा आटापिटा ज्याच्यासाठी केला ते कार्ड!"

"आयला उनातानात रांगेत उभी करू? गप चल."

माझं डोकं फिरलं, पण रस्त्यात तमाशा नको म्हणून चालत राहिले. केंद्रावरचा अधिकारी बाहेरगावचा होता. त्यानं नाव पुकारलं, आई "हाय" म्हणाली. त्यानं कार्ड मागितलं. आई शांतपणे म्हणाली, "देवापाशी हाय." तो चक्रावला. मी पुढे होऊन सांगायला लागले, तर माझ्याआधी टेबलामागचे सगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट एकदम बोलले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ती माणसं, सगळी आमच्याच आळीतली. काकी आहे आमची, आम्ही ओळखतो, लहानपणापासून ओळखतो. अधिकाऱ्यानं आणलेला नियमांचा कागद वाचला. कार्ड नसेल आणि ओळख पटली तर मत देऊ द्यावं, असं त्यात होतं. म्हणजे ती आवई निव्वळ आवईच होती. त्यानं आईच्या बोटाला शाई लावली आणि ती मान ताठ करून आत गेली.

घरी आल्यावर तिनं पाय धुतले आणि थेट देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली. शाईचं बोट कार्डासमोर धरलं.

"बग आये, मत दिला. तुज्या वेलेला नव्हता ना हा," ती म्हणाली. मग मागे न वळताच तिनं मला विचारलं, "तुला दिसते का गो आय?"

मी तिच्या पाठीशी उभी होते. अबोलीच्या फुलाखाली, डोक्यावर पदर घेऊन, माझी आई माझ्याकडे बघत होती.

"दिसते," मी म्हणाले.